1 तास 53 मिनिटं

भाचीचं सासर कुडाळला ठरलं, तेव्हा गोंदियातल्या घरी पहिला प्रश्न निघाला तो अंतराचा. धाकट्या भाच्याने मोबाइलवर बिरसी आणि चिपी हे दोन विमानतळ सरळ रेघेने जोडले. अंतर आलं सुमारे 940 किलोमीटर. तासाला 500 किलोमीटरचा वेग धरून त्याने जाहीर केलं, "1 तास 53 मिनिटं." ताई निर्धास्त झाली. "म्हणजे जेवून निघालं की चहाला तिकडे!"

मला ती वरची तीन मिनिटं खटकली. इतकं नेमकं कोण मोजतं?

गेल्या हिवाळ्यात भाचीकडे निघालो. आदल्या दिवशी चौकशीला बिरसीला गेलो होतो. बाहेर चहाच्या टपरीवर ड्यूटी संपवून आलेला एक कामगार भेटला. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावणं हे त्याचं काम. "टाइम उडल्यावर नाई सुरू होत, साहेब," तो म्हणाला. "मी चॉक काढलो का सुरू. तिकडच्यानं लावले का बंद." वेळापत्रकातला वेळ ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत सरपटणं, वर चढणं, समोरचा वारा, उतरण्यासाठी घातलेला वळसा हे सगळं त्यात येतं. भाच्याच्या रेघेत यातलं काहीच नव्हतं.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. निघायच्या दिवशी तपासणी झटपट उरकली आणि आम्ही विमानापर्यंत चालत गेलो. एटीआर जातीच्या विमानात मागच्या दाराने चढायचं. कोवळ्या उन्हात रॉकेलचा वास दरवळत होता. विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलचंच भावंड. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिल्याचे दिवस आठवले.

खिडकीतून कालचा माणूस दिसला. चाकाशी वाकून त्याने दोरीने बांधलेली ठोकळ्यांची जोडी ओढून काढली, वैमानिकाला दिसेल अशी उंच धरली आणि बाजूला झाला. मी घड्याळ पाहिलं. त्याच्या हिशोबाने माझा प्रवास तिथे सुरू झाला.

चिपीला त्या दिवशी विमान नव्हतं. म्हणून आधी हैदराबाद, तिथून गोव्याचं मोपा आणि पुढे गाडीने कुडाळ. हैदराबादला सहा तास बसून काढले. वेळ घालवायला मीही मोबाइलवर रेघा ओढल्या. गोंदिया ते हैदराबाद ते मोपा मिळून साधारण 1,030 किलोमीटर. सरळ रेघेपेक्षा जेमतेम 90 किलोमीटर जास्त! भाचीच्या दारात पोचलो तेव्हा घरून निघून 13 तास झाले होते. "1 तास 53 मिनिटं ना, मामा?" ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम चिपीला गेलो. जांभ्याच्या सड्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी, 9 ऑक्टोबर 2021 रोजी खुली झालेली. रॉकेलचा वास नाकाला लागतो का, म्हणून कुंपणाशी थोडा थांबलो. नुसता समुद्राचा वारा येत होता.

विमानतळ बांधले की गावं जवळ येतात, असं उद्घाटनाच्या भाषणांत सांगतात. माझ्या 13 तासांपैकी सहा, एका विमानातून उतरून दुसऱ्याची वाट पाहण्यात गेले. तेव्हा भाषणातलं अंतर ऐकून तिकीट काढू नका. मधल्या गावी किती वेळ बसवून ठेवणार, ते आधी विचारा.