मलई, खेचरं आणि खडीचा रस्ता

युटा राज्यातल्या बोल्डर गावची मलई 1930च्या दशकापर्यंत खेचरांच्या पाठीवरून बाजाराला जायची. गाव गुराढोरांचं, कुरणं हिरवीगार, दुधाला तोटा नाही. पण बाजार म्हणजे एस्कलांटे, आणि मध्ये डेथ हॉलोसारख्या उभ्या कड्यांच्या दऱ्या. टपालही त्याच पाऊलवाटेनं यायचं. 1910च्या सुमारास टेलिफोनची तार आली, तीही याच वाटेनं, झाडाझाडांना बांधत. अमेरिकेत खेचरांवरून टपाल येणारं शेवटचं गाव अशी आपली ओळख बोल्डरकर मिरवतात. खरं तर ग्रँड कॅन्यनच्या पोटातल्या सुपाई गावाला आजही टपाल खेचरांवरूनच जातं. पण गावच्या बढाईत एवढं चालायचंच.

1933 साली मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारनं बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ उभी केली. महिन्याला 30 डॉलर पगार, त्यातले 25 थेट घरी. या पोरांनी एस्कलांटेपासून वर पाइनच्या जंगलात चढून बोल्डरला उतरणारा रस्ता खोदला. त्याचं नाव हेल्स बॅकबोन. एका जागी डोंगराची धार इतकी बारीक होते, की दोन्ही बाजूंना शेकडो मीटर खोल दरी आणि मध्ये फक्त एक पूल. पहिला पूल ओंडक्यांचा होता. आताचा पक्का, सुमारे 33 मीटर लांबीचा. पुलावर सायकल टेकवून कठड्यावरून खाली पाहिलं, की पांढुरक्या दगडाच्या घड्या पडत पडत खाली गेलेल्या दिसतात आणि तळ काही दिसत नाही. चढाच्या नादात डोकं खाली घालून आलेला माणूस इथं आपोआप थांबतो.

1940मध्ये याच कोअरनं खालच्या अंगानं बारमाही रस्ता पूर्ण केला. तोच आजचा हायवे 12. कॅलिफोर्नियातली आपली मंडळी आईवडील भारतातून आले की त्यांना ब्राइस कॅन्यन दाखवून कॅपिटल रीफकडे नेतात, ती बहुतेक याच रस्त्यानं. गाडीतून दोन्ही बाजूंचं दृश्य अफाट दिसतं, यात वाद नाही. पण या मुलुखाचा इतिहास डांबरावर कमी आणि त्याला येऊन मिळणाऱ्या कच्च्या फाट्यांवर जास्त आहे, आणि त्यासाठी ग्रॅव्हल बाईकसारखं वाहन नाही.

ग्रॅव्हल बाईक दिसायला रेसिंग सायकलसारखीच: खाली वळलेलं हँडल, सडपातळ सांगाडा. फरक चाकात. रेसिंग सायकलचा टायर 25 ते 28 मिलिमीटरचा, हिचा 40 ते 50चा. ट्यूब नसते, आत पातळ सीलंट ओततात, काटा घुसला तर ते भोकात जाऊन थिजतं. हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर खड्यावरून उसळण्याऐवजी त्याला कवेत घेऊन जातो. चढासाठी गिअर हलके, उताराला डिस्क ब्रेक. या प्रकाराला नाव आणि बाजार मिळाला तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत. 2006मध्ये कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी 200 मैलांची कच्च्या रस्त्यांवरची शर्यत सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी जेमतेम तीन डझन सायकलस्वार होते. आज तिथं जगभरातून हजारोंनी येतात. खडीवर सायकल चालवणं मात्र काही नवं नाही. डांबर यायच्या आधी दुसरं होतंच काय?

या रस्त्यांचा खरा शत्रू म्हणजे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. इथले लोक त्याला वॉशबोर्ड म्हणतात. हँडल धरलेल्या बोटांना मुंग्या येतात, बाटली पिंजऱ्यातून उडते, बोलायला गेलं तर आवाज थरथरतो. दोष जड गाड्यांना आणि त्यांच्या स्प्रिंगांना देतात. पण 2007मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या गोल चकतीवर साधं चाक फिरवून दाखवलं, की स्प्रिंग नसली तरी लाटा उठतातच. चाक ठरावीक वेगापुढे गेलं, की बारीकशा उंचवट्यावर उडतं, पुढे आपटतं आणि तिथं नवा खळगा पाडतं. लाटा उठूच द्यायच्या नसतील तर चालीच्या वेगानं जावं लागेल. तेवढा धीर कुणाला आहे? म्हणून ग्रेडर येतो, रस्ता सपाट करून जातो, आणि थोड्याच दिवसांत लाटा परत. सायकलस्वाराला एवढंच करता येतं, की रस्त्याची अगदी कडेची, कमी मळलेली पट्टी धरायची.

लाटांचा कळस पाहायचा तर होल-इन-द-रॉक रोड. एस्कलांटेच्या पूर्वेला आठेक किलोमीटरवर हा फाटा फुटतो आणि नव्वद किलोमीटरहून अधिक वाळवंटातून कोलोरॅडो नदीच्या कड्यावर जाऊन संपतो. पुढे रस्ता नाही. आला त्याच वाटेनं परत. मध्ये गाव नाही, दुकान नाही, भरवशाचं पाणी नाही. एवढा खटाटोप करून असा रस्ता कोण काढेल, हा प्रश्न पहिल्या पाच-दहा किलोमीटरांतच पडतो.

तो काढला मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनी. 1879च्या हिवाळ्यात सुमारे अडीचशे माणसं, ऐंशीच्या वर गाड्या आणि हजाराहून अधिक जनावरं घेऊन युटाच्या आग्नेय कोपऱ्यात वस्ती करायला निघाली. नेहमीची वाट लांबची, म्हणून त्यांनी न पाहिलेला जवळचा रस्ता धरला. सहा आठवड्यांचा अंदाज होता, सहा महिने लागले. पुढे कोलोरॅडोची दरी आडवी आली आणि मागे घाटमाथ्यावर बर्फ साचलं, त्यामुळे परतायची सोय उरली नाही. कड्याला एकच अरुंद नाळ होती, माणूस कसाबसा शिरेल एवढी. सुरुंग लावून ती रुंद करायचं काम कित्येक आठवडे चाललं. जिथं गाडीच्या एका बाजूला जमीनच नव्हती, तिथं मूळच्या वेल्सच्या, खाणकाम जाणणाऱ्या बेंजामिन पर्किन्सच्या देखरेखीखाली कड्यात ओळीनं भोकं पाडली, ओकचे खुंट ठोकले, वर ओंडके, फांद्या आणि दगड रचले. 26 जानेवारी 1880 रोजी पहिल्या गाड्या उतरल्या. चाकांना साखळ्या, मागे दोर धरून माणसं, आणि उतार इतका की पुढचं जनावर जवळजवळ पायाखाली दिसावं.

दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या उतरवणारा स्टॅनफर्ड स्मिथ शेवटी खाली पाहतो, तर आपलीच गाडी वर राहिलेली. बायको अ‍ॅराबेला आणि तीन लेकरं थंडीत वाट पाहत बसलेली. मदतीला कुणी नाही. तेव्हा अ‍ॅराबेलानं मुलांना कड्यावर पांघरुणात गुंडाळून बसवलं आणि गाडीमागे बांधलेल्या घोड्याचा लगाम स्वतः ताणून धरला. गाडी सुटली, घोडा पडला, तीही त्याच्यामागे फरफटत गेली, पाय फाटला. तळाशी पोचल्यावर नवरा वर चढून मुलांना घेऊन आला. या मोहिमेच्या कथा नेहमी पुढाऱ्यांच्या नावानं सांगतात. मला विचाराल तर ती अ‍ॅराबेलाच्या नावानं सांगायला हवी. सबंध प्रवासात वाटेत बाळं जन्मली, माणूस मात्र एकही दगावला नाही. एप्रिलमध्ये ही मंडळी सान हुआन नदीकाठी पोचली. ठरलेलं ठिकाण अजून पुढे होतं, पण कुणात त्राण उरलं नव्हतं. थांबले तिथंच ब्लफ गाव वसलं.

आज नाळेच्या तोंडाशी उभं राहिलं, की खाली नदीऐवजी लेक पॉवेलचं पाणी दिसतं. 1963मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि नाळेचा खालचा टप्पा बुडाला. वरच्या टप्प्यातली पर्किन्सची भोकं मात्र हात घालून पाहता येतात. वाटेत डान्स हॉल रॉक लागतो. नैसर्गिक दगडी रंगमंच, वर अर्धगोल छत. पुढची वाट तयार होईपर्यंत छावणीतली माणसं इथं फिडलवर नाचायची. सायकलवाले आता त्याच सावलीत डबा खातात.

दगडाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला नवाहो वालुकाश्म सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन झालेला. वारा ज्या दिशेनं वाहत होता त्या तिरक्या रेघा अजून दगडात आहेत. मऊ गुलाबी-पांढरा दगड टायर छान धरतो. दगा देतो तो करडा चिकणमातीचा थर. कोरडा असताना तो सिमेंटसारखा गुळगुळीत. पाऊस पडला की त्यातलं बेंटोनाइट फुगतं. चाक चार-पाच फेऱ्यांत मातीनं दुप्पट जाड होतं, फोर्कमध्ये अडकतं आणि फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर घ्यावी म्हटलं, तर तिचं वजनच उचलवत नाही. काठीनं माती खरवडायची, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. कॅननव्हिलहून निघणाऱ्या 75 किलोमीटरच्या कॉटनवुड कॅन्यन रोडवर पावसानंतर जीपही जात नाहीत. तिथं वाळायची वाट पाहणं हा एकच इलाज.

आता डांबराच्या भांडणाकडे. बोल्डरहून पूर्वेला जाणारा बर ट्रेल हा मुळात जॉन अटलांटिक बर या पशुपालकाचा गुरं हाकायचा मार्ग. मधलं नाव अटलांटिक, कारण हा माणूस जन्मला अटलांटिक महासागरातल्या जहाजावर. 1980च्या दशकात परगण्याला तो रुंद आणि पक्का करायचा होता, पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेल्या. परगण्याचा आधार 1866 सालचा कायदा: सरकारी जमिनीवरून जुनी वहिवाट असेल तर रस्त्याचा हक्क. तो कायदा 1976मध्ये रद्द झाला, पण आधीचे हक्क शाबूत राहिले, आणि मग कोर्टात वहिवाटीचे पुरावे निघू लागले. आज बोल्डरपासून सुमारे पन्नास किलोमीटर डांबर आहे. कॅपिटल रीफच्या हद्दीत, जिथं तो सुमारे 240 मीटर वळसे घेत उतरतो, तिथं तो कच्चाच. 1996मध्ये क्लिंटन यांनी ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, 2017मध्ये ट्रम्प यांनी ते जवळजवळ निम्मं केलं, 2021मध्ये बायडेन यांनी पुन्हा पूर्ववत. गावकरी आणि बाहेरचे यांच्यातली कटुता अशी सरकारगणिक ताजी होते.

खडी सुंदर आहे हे म्हणणारा मीही बाहेरचाच. दोनअडीचशे वस्तीच्या बोल्डरमध्ये रात्री कुणाला छातीत दुखू लागलं, तर त्याला लाटा नकोत, गुळगुळीत रस्ता हवा. तरीही वळशांच्या माथ्यावरून पाहताना वाटतं, बरं झालं, डांबर अलीकडेच थांबलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि सायकल भाड्यानं घेऊन आलेल्या पाहुण्यानं त्यावर निवाडा देऊ नये.

जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैपासून वादळी पाऊस, त्यात अरुंद घळींना अचानक पूर येतो; आकाश डोक्यावर निरभ्र असलं तरी पाणी दूरच्या पठारावरून येतं. चाक रस्त्यावरच ठेवा. कडेची काळपट खडबडीत माती जिवंत आहे, सूक्ष्मजीवांनी बांधलेली. तिच्यावर उमटलेली चाकोरी भरायला दशकं लागतात. राखीव रानात सायकलला मुळातच बंदी आहे. रात्री तंबू टाकायचा तर स्मारकाच्या कार्यालयातून परवाना घ्यावा, तो फुकट मिळतो, आणि तिथंच रस्त्यांची त्या दिवशीची हालतही कळते. फोनला रेंज नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. गावं मॉर्मन आहेत. रविवारी अनेक दुकानं बंद असतात, म्हणून शिधा शनिवारीच भरून घ्यावा.