वचन ग्रंथातले, आवाज कोणाचा?

कळंबोलीच्या वसाहतीत कामावर निघण्यापूर्वी बायबल उघडणारा ख्रिस्ती वाचक त्यात केवळ इतिहास शोधीत नसतो. आपल्या आजच्या अडचणीवर देव काय सांगतो, हे त्याला ऐकावयाचे असते. ही अपेक्षा गैर नव्हे. परंतु ऐकू आलेला आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा? नोकरी सोडावीशी वाटणाऱ्याला अनुकूल वचन हमखास सापडते!

या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र उद्बोधक आहे. आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ त्यांनी वाचला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी आप्त तुटले, संसार दुभंगला. पुढे १९१७ मध्ये, अंतःप्रेरणेला अनुसरूनच, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली व ‘देवाचा दरबार’ उभारला. व्यवहाराच्या हिशेबात दोन्ही वेळा तोटाच. सोयीचे तेवढेच ऐकणाऱ्याला अशी किंमत सहसा मोजावी लागत नाही.

अर्थात किंमत मोजली म्हणजे आवाज देवाचाच, असे सिद्ध होत नाही. लक्ष्मीबाईंना तर तो प्रारंभी मुळीच पटला नव्हता. पतीच्या शब्दाखातर त्यांनी धर्म बदलला नाही. स्वतःच्या मनाशी झगडून, पाच वर्षांनी, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.