म्हैसूरचे लोकगीत, रॉकचा ठेका : रघू दीक्षित यांची दीर्घ वाटचाल आणि रंगमंचावरील पुनरागमन

म्हैसूर म्हटले की वाडियार राजघराणे, दसऱ्याची मिरवणूक आणि कर्नाटक संगीताची परंपरा आठवते. वीणा शेषण्णा, वासुदेवाचार्य यांच्यासारख्या कलावंतांना या शहराच्या दरबाराने आश्रय दिला. याच शहरात वाढलेल्या एका गायकाने गेल्या पंचवीस वर्षांत वेगळ्या प्रकारच्या संगीताला देशविदेशांत श्रोते मिळवून दिले. कन्नड संतकवींची पदे, हिंदी गीते आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा मेळ घालणाऱ्या या गायकाचे नाव रघू दीक्षित.

महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी नाशिक येथे झाला. बालपण आणि शिक्षण मात्र म्हैसूरमध्ये झाले. या काळात त्यांनी लिहिलेली गाणी जितकी महत्त्वाची आहेत, तितकाच महत्त्वाचा एक प्रश्न त्यांच्या कारकिर्दीतून पुढे येतो. चित्रपटसृष्टीच्या मुख्य प्रवाहाबाहेर राहणारा गायक भारतात कशाच्या बळावर टिकतो?

नृत्याकडून गिटारकडे

दीक्षित यांनी म्हैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि सुवर्णपदक मिळवले. अभ्यासाबरोबरच त्यांनी भरतनाट्यमचे रीतसर शिक्षणही घेतले होते. गिटार त्यांच्या हाती आली ती महाविद्यालयातील एका मित्राने थट्टेत दिलेल्या आव्हानामुळे. या वाद्याचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही, बरेचसे स्वतःच आत्मसात केले.

शिक्षणानंतर त्यांनी औषधनिर्मिती क्षेत्रात नोकरी धरली. या नोकरीच्या निमित्ताने ते बेल्जियमला गेले. तेथील रेडिओवर गाण्याची संधी मिळाल्यावर संगीतालाच वाहून घेण्याचा विचार पक्का झाला आणि ते भारतात परतले. नृत्याचे संस्कार मात्र कायम राहिले. लुंगी आणि पायांत घुंगरू ही रंगमंचावरील त्यांची ओळख बनली.

नकारांची वर्षे

१९९० च्या दशकाच्या अखेरीस दीक्षित यांनी 'अंतराग्नी' हा बँड उभा केला. तो काळ स्वतंत्र संगीतासाठी फारसा अनुकूल नव्हता. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने इंडिपॉपला मोठी बाजारपेठ मिळवून दिली होती. पण दशक संपता संपता चित्रपटसंगीताने ती जागा पुन्हा व्यापली. चित्रपटाचा आधार नसलेल्या, त्यातही कन्नड पदे गाणाऱ्या बँडवर पैसा लावायला कंपन्या धजावत नव्हत्या.

२००५ च्या सुमारास 'अंतराग्नी' विखुरला. त्यानंतर दीक्षित यांनी उभारलेल्या नव्या चमूच्या नावात 'प्रोजेक्ट' हा शब्द आला, आणि त्यामागे एक विचार होता. ठरावीक सदस्यांच्या बँडऐवजी वेगवेगळे वादक येऊन सहभागी होतील असे खुले व्यासपीठ त्यांना हवे होते. पहिल्या बँडच्या विघटनातून मिळालेला हा व्यावहारिक धडा होता. सदस्य बदलले तरी गाणी आणि कार्यक्रम चालू राहू शकत होते.

मुंबईतील एका कार्यक्रमात विशाल-शेखर या संगीतकार जोडीने त्यांचे गाणे ऐकले आणि आपल्या कंपनीतर्फे अल्बम काढण्याची तयारी दाखवली. २००८ मध्ये 'अंतराग्नी – द रघू दीक्षित प्रोजेक्ट' प्रकाशित झाला. त्यात 'मैसूर से आई', 'हे भगवान' ही हिंदी गाणी होती, तशीच कन्नड पदे आणि इंग्रजी गीतही होते. पहिला अल्बम आला तेव्हा दीक्षित ३३ वर्षांचे होते. लोकप्रिय संगीताच्या दुनियेत हे वय उशिराचे मानले जाते. याच वर्षी आलेल्या 'सायको' या कन्नड चित्रपटाच्या संगीताने कर्नाटकात ते घरोघरी पोहोचले.

शरीफांची पदे नव्या ठेक्यावर

दीक्षित यांच्या संगीताचा गाभा समजण्यासाठी संत शिशुनाळ शरीफ यांची ओळख आवश्यक आहे. आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिशुनाळ येथे १८१९ मध्ये जन्मलेल्या शरीफांनी गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूंकडून दीक्षा घेतली. १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची पदे रोजच्या व्यवहारातील वस्तूंतून अध्यात्म सांगतात. 'सोरुतिहुदु मनिय माळिगि' या पदात गळक्या छपराचे घर माणसाच्या अज्ञानाचे रूपक बनते, तर 'गुडुगुडिया सेदि नोडो' या पदात हुक्क्याची गुडगुडी येते. मराठी वाचकाला यावरून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची आठवण होईल. त्यांनीही धर्माची वेस ओलांडून भक्तिपरंपरेत स्थान मिळवले.

शरीफांची पदे विसाव्या शतकात सी. अश्वथ यांनी भावगीताच्या शैलीत लोकप्रिय केली. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत शिशुनाळ शरीफ' या चित्रपटाने त्यांना आणखी मोठा श्रोतृवर्ग मिळाला. दीक्षित यांनी हीच पदे ड्रम, बेस गिटार आणि व्हायोलिनच्या साथीने नव्या पिढीसमोर ठेवली. मूळ शब्द आणि त्यांचा खटका कायम ठेवून भोवतीची वाद्यरचना बदलणे, हे त्यांच्या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडने याआधी अशी वाट चोखाळली होती. कन्नडमध्ये ती रुळवण्याचे मोठे श्रेय दीक्षित यांना दिले जाते.

भाषा न समजणारा श्रोता

२०१० मध्ये ब्रिटनमधील 'लेटर... विथ जूल्स हॉलंड' या बीबीसीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दीक्षित आणि त्यांच्या चमूने गाणी सादर केली. त्यानंतर त्यांचा अल्बम आयट्यून्सच्या ब्रिटनमधील जागतिक संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला. २०११ मध्ये 'साँगलाइन्स' या नियतकालिकाचा नवोदित कलावंताचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी ग्लास्टनबरी महोत्सवातही ते गायले.

कन्नडचा गंध नसलेले श्रोते या पदांना साथ देऊ लागले. सोपे ध्रुपद, टाळ्यांना वाव देणारा ताल आणि गाण्याआधी दोन शब्दांत सांगितलेला अर्थ, या तीन गोष्टींनी भाषेची अडचण दूर केली. कीर्तनकार निरूपण करतो आणि श्रोते धृपद उचलतात, त्याच जातीचे हे तंत्र आहे.

दौरा हाच आधार

दुसरा अल्बम 'जग चंगा' २०१३ मध्ये आला. मधल्या काळात 'मुझसे फ्रेंडशिप करोगे' (२०११) आणि नंतर 'बेवकूफियाँ' (२०१४) या हिंदी चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. तरीही, पंधरा वर्षांत दोन अल्बम ही संख्या मोठी नाही. या कारकिर्दीचा खरा कणा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा होता.

यामागे अर्थकारण आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. पण डिस्क विकण्याचा जमाना सरला आणि इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या एका गाण्यामागे हाती येणारी रक्कम अत्यल्प असते. त्यामुळे महाविद्यालयीन स्नेहसंमेलने, संगीत महोत्सव आणि परदेशी दौरे यांतूनच स्वतंत्र बँड चालतो. कार्यक्रमाच्या बिदागीतून वादक, ध्वनितंत्रज्ञ आणि प्रवास यांचा खर्च भागतो. कार्यक्रम थांबला की सर्वांचेच उत्पन्न थांबते.

आरोप आणि माफी

दौऱ्यावर जगणाऱ्या कलावंताला श्रोत्यांचा विश्वासही तितकाच आवश्यक असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'मी टू' चळवळीच्या काळात दीक्षित यांच्यावर महिलांशी गैरवर्तन केल्याचे आरोप समाजमाध्यमांवर झाले. त्यांनी जाहीर निवेदनाद्वारे माफी मागितली. घटना जशी सांगितली गेली तशीच घडली नव्हती, असेही त्यांनी त्या निवेदनात म्हटले होते. त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना हा भाग वगळता येत नाही.

खंड आणि पुनरागमन

२५ मार्च २०२० रोजी कोविड साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. दुकाने आणि कार्यालये टप्प्याटप्प्याने उघडली. गर्दीचे सांगीतिक कार्यक्रम मात्र सर्वांत शेवटी सुरू झालेल्या व्यवहारांपैकी एक होते. इंटरनेटवरील मैफलींनी काही काळ निभावून नेले. परंतु समोरचा श्रोता धृपद उचलतो तेव्हाच ज्या गाण्याला पूर्णत्व येते, त्या गाण्यासाठी पडदा हा पर्याय ठरू शकला नाही. पडद्यामागचे तंत्रज्ञ आणि साथीदार वादक यांना या खंडाची झळ सर्वाधिक बसली.

निर्बंध उठल्यानंतर दीक्षित यांचा चमू पुन्हा देशविदेशांत कार्यक्रम करू लागला. 'शक्कर' या तिसऱ्या अल्बमची गाणीही श्रोत्यांसमोर येऊ लागली. आता त्यांच्या श्रोत्यांत दोन पिढ्या आहेत. २००८ मध्ये महाविद्यालयात असताना ही पदे ऐकणारे आज आपल्या मुलांसह मैफलीला येऊ शकतात.

दीक्षित यांनी वयाची पन्नाशी ओलांडली आहे. संगीतकंपन्यांनी नाकारलेली कन्नड पदे आज अनेक भाषांचे श्रोते गातात. त्याच वेळी त्यांची वाटचाल एक मर्यादाही दाखवते. चित्रपटाबाहेरच्या संगीताला भारतात अजूनही पुरेसा संस्थात्मक आधार नाही. असा कलावंत जोवर रंगमंचावर उभा राहू शकतो, तोवरच त्याच्या गाण्याचा आणि त्यावर अवलंबून असलेल्या साथीदारांचा चरितार्थ चालतो. पदांतील घराचे छप्पर गळते, तसे या व्यवसायाचेही छप्पर कच्चेच आहे.