खेळायला गेली म्हणून रागावू नका

परीक्षा जवळ आली की आपल्या वस्तीत पहिली बंदी येते ती खेळावर. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू लंगडी घालत फिरतेस?" हे वाक्य आपण लहानपणी ऐकले आणि आई-बाप झाल्यावर बोललोही. त्याच बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे. सलग नसले तरी चालते. सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी चाळीस. त्याला महागडे बूट लागत नाहीत. लंगडी, खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या यांनी दम वाढतो आणि हाडे बळकट होतात. हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आतच होऊन जाते, पुढे ती संधी नाही. शिवाय धावून आलेले मूल रात्री गाढ झोपते आणि सकाळी वर्गात पेंगत नाही.

खरी अडचण मुलींची. सातवी-आठवीत गेली की तिचा खेळ सुटतो. धाकट्याला सांभाळ, नळावर नंबर लाव, भाकरी टाक. भाऊ तेव्हा गल्लीत क्रिकेट खेळत असतो! दोन हंडे त्याने भरले तर तिला अर्धा तास मिळेल. पाळीतही, त्रास होत नसेल तर, खेळायला हरकत नाही.

एखादी मुलगी दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागली तर तिला आळशी म्हणू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरातच पडून राहते का, तेही पाहा. ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. खेळताना चक्कर आली किंवा छातीत दुखले तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

राहिला जागेचा प्रश्न. मैदान मिळेल तेव्हा मिळेल. विहारापुढचे अंगण आपल्या हातात आहे. तिथल्या मोटारसायकली आणि मंडपाचे बांबू हलवले तर पाच ते साडेसहा खेळ आणि सातला वंदना सहज जमते. येत्या रविवारी वंदनेनंतर हा विषय काढा, महिला मंडळालाही बसवा, आणि वेळापत्रक लिहिताना मुलींची वेळ आधी लिहा.