माशीचे संतोलक

माशीवर हात उगारावा तो ती अंगाला हिसडा देऊन निसटते, आणि या चपळाईचे सारे श्रेय तिच्या टपोऱ्या डोळ्यांस देऊन आपण मोकळे होतो. परंतु देहाला बसलेल्या झटपट गिरकीची खबर देण्याच्या कामी डोळा मंद पडतो, आणि तेथे निराळीच तजवीज लागते. माशी, डास, चिलटे या द्विपंखी कीटकांत मागील पंखांच्या जागी, टोकाला गोळा असलेले दोन दांडके असतात. त्यांस संतोलक म्हणतात, आणि घरमाशीत त्यांची लांबी मिलिमीटरभरही नसते.

इंग्लंडातील अपमिन्स्टरचे धर्मोपदेशक विल्यम डेरहॅम यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच हे संतोलक छाटून पाहिले, तेव्हा पंख शाबूत असूनही माशीचे उड्डाण डळमळले. दोरावरील डोंबाऱ्याच्या हातातील काठीचेच हे काम, असे त्यांनी अनुमान केले. इतक्या क्षुद्र भाराने देह तोलला जावा हे मात्र पटण्याजोगे नव्हते. खरा उलगडा 1948 साली जे. डब्ल्यू. एस. प्रिंगल यांनी केला. संतोलक पंखांच्याच गतीने, पण उलट्या दिशेने, सेकंदास शेकडो वेळा खालीवर हलत असतो. अशा वेळी देह वळला, तर गोळा जडत्वामुळे आपले मूळ प्रतल सोडण्यास राजी नसतो, आणि त्या ओढीने दांड्याच्या मुळाशी जो सूक्ष्म आडवा ताण पडतो, तो तेथील घुमटाकार संवेदी पुटकुळ्या टिपून, मेंदूच्या परवानगीसाठी खोळंबून न राहता, पंख वळविणाऱ्या स्नायूंच्या मज्जापेशींकडे परस्पर धाडतात.

आपल्या मोबाइलमधील जायरोस्कोप याच तत्त्वावर चालतो. तेथे गोळ्याऐवजी सिलिकॉनचा कंप पावणारा कण असतो, इतकेच. तथापि हार्वर्ड विद्यापीठाने 2013 साली उडविलेल्या, सुमारे 80 मिलिग्रॅम वजनाच्या ‘रोबोबी’ला ही सोयही अंगावर बाळगता आली नाही: वीज बारीक तारेतून येई, आणि आपण कोठे कलंडलो हे त्या यंत्रास खोलीत तैनात केलेल्या कॅमेऱ्यांकडून कळे.

चार पंखांच्या पतंगाजवळ संतोलक नसतात. पण 2007 साली संजय साने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंगाच्या शृंगिका कापल्या तेव्हा त्याचेही उड्डाण बिघडले, आणि त्याच शृंगिका पुन्हा चिकटविताच ते बव्हंशी सुधारले.