मनगटी घड्याळे, जुनी यांत्रिक : संग्रह व विक्री

चावी देऊन किंवा मनगटाच्या हालचालीने गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगवर चालणारी, विशेषतः क्वॉर्ट्‌झ घड्याळांच्या प्रसारापूर्वी बनलेली मनगटी घड्याळे जमविणे, त्यांची पारख करणे व त्यांची खरेदी-विक्री करणे. नाणी वा टपाल तिकिटे यांच्या संग्रहाच्या मानाने हा छंद अलीकडचा आहे. जपानच्या सेइको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वॉर्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. तोपर्यंत चावीचे घड्याळ ही नित्य वापराची वस्तू होती आणि वापराच्या वस्तू जमविण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. क्वॉर्ट्‌झ घड्याळ स्वस्त व अधिक अचूक ठरल्यानंतर यांत्रिक घड्याळाकडे कारागिरीचा नमुना म्हणून पाहिले जाऊ लागले.

यांत्रिक घड्याळात मुख्य स्प्रिंगची शक्ती दातेरी चाकांच्या मालिकेतून संतुलन चक्रापर्यंत पोहोचते व हे चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगमुळे ठराविक गतीने मागेपुढे झुलत राहते [⟶ घड्याळ]. जुन्या घड्याळांत ताशी १८,००० म्हणजे सेकंदास पाच झोके हे प्रमाण पुष्कळदा आढळते. आसांची झीज कमी व्हावी म्हणून त्यांची टोके कृत्रिम माणकांत बसविलेली असतात. तबकडीवरील ‘१७ ज्वेल्स’ ही अक्षरे या माणकांची संख्या दाखवितात. त्यांना रत्न म्हणून काहीही किंमत नसते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

घड्याळाची किंमत निर्माता, दुर्मिळता, सुस्थिती व पूर्वीचा मालक यांवर ठरते. पातेक फिलिपचे ‘१५१८’ हे पोलादी घड्याळ २०१६ साली जिनीव्हा येथील लिलावात सु. १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकले गेले. या प्रकारची घड्याळे एरवी सोन्याची असत. साध्या पोलादातील नग अगदी मोजके असल्यामुळेच त्याला एवढी किंमत आली. पॉल न्यूमन या अमेरिकन अभिनेत्याच्या ‘रोलेक्स डेटोना’ला २०१७ साली न्यूयॉर्क येथे सु. १ कोटी ७७ लाख डॉलर मिळाले. अशा आकड्यांवरून घरातील जुन्या घड्याळाच्या किमतीचा अंदाज बांधणे मात्र व्यर्थ आहे.

या सर्व गुणांहून अधिक महत्त्व मूळपणाला असते व भारतीय बाजारात खरा प्रश्न याचाच आहे. फाव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड यांसारख्या स्विस घड्याळांना मुंबईमार्गे येथे मोठी गिऱ्हाइकी मिळाली होती. पुढे हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘सोना’ ही तिची चावीची घड्याळे घरोघरी पोहोचली. परीक्षेतील यश, नोकरी वा लग्न यांनिमित्त ती भेट दिली जात. एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतल्यावर या घड्याळांना संग्राहकांकडून मागणी वाढली.

दमट हवा व घाम यांमुळे तबकडी डागाळते. ती धुऊन, नव्याने रंगवून व छापून देणे हे मुंबईसारख्या शहरांतील घड्याळ-कारागिरांचे एक नेहमीचे काम होते. गिऱ्हाईक ते आपणहून मागत असे व त्यात लबाडी नव्हती. तथापि असेच रंगविलेले घड्याळ, निरनिराळ्या नगांचे भाग एकत्र जुळवून, ‘मूळ स्थितीतील’ म्हणून विकले जाते तेव्हा तेच कसब फसवणुकीचे साधन होते. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे नाव हेटाळणीचे असले, तरी ज्या हातांनी बंद पडलेली घड्याळे सुट्या भागांच्या टंचाईतही चालू ठेवली त्यांना ते अन्यायकारक आहे. दोष रंगविण्याचा नसून ते लपविण्याचा आहे. शिवाय एकदा खरवडलेली तबकडी पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे डागाळलेली, पिवळसर पडलेली मूळ तबकडी संग्राहकाच्या दृष्टीने चकचकीत नव्या तबकडीपेक्षा मोलाची ठरते. केस वारंवार घासून पॉलिश केल्यासही तिच्या कडा बोथट होतात आणि मागील झाकणावरील अंक पुसट होतात.

पुनर्रंगित तबकडी भिंगाखाली बहुधा ओळखता येते. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या खुणा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या, तळची ‘स्विस मेड’ ही अक्षरे सरकलेली किंवा गायब असतात. कारखान्याने कधीच न वापरलेले भडक रंग व चित्रे ही तर उघड खूण होय. देवनागरीत ‘जनता’ असे नाव असलेल्या तबकड्यांना मागणी असल्याने त्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. काटे तबकडीच्या मापाचे आहेत की नाहीत हे पाहून मागील झाकण उघडवून घ्यावे व आतील यंत्राचा क्रमांक त्या नमुन्याशी जुळतो का, ते तपासावे. झाकण उघडण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी न करणे इष्ट.

‘चालू आहे’ एवढ्या आश्वासनाला फारसा अर्थ नाही. वाळलेल्या तेलावरही घड्याळ चालते. पण आसांची झीज होत राहते. संतुलन चक्राचा झोका किती अंशांचा आहे व दिवसाला किती सेकंदांचा फरक पडतो, हे तपासणी-यंत्रावर मिनिटभरात कळते. साफसफाई व तेल घालण्याचा खर्च कित्येकदा स्वस्त घड्याळाच्या किमतीएवढा होतो, तो सौदा करतानाच धरावा. जुने घड्याळ जलरोधक समजून पाण्यात नेऊ नये.

अंधारात चमकण्यासाठी सु. १९६० पर्यंत काटे व अंक यांना रेडियमयुक्त रंग लावीत. चमक नाहीशी झाली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग टिकून असतो. त्याचा अर्धायुकाल सु. १,६०० वर्षे आहे. असा रंग खरवडू नये, त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे. भारतातून परदेशी विक्री करताना १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम लक्षात घ्यावा लागतो. ऐतिहासिक महत्त्वाच्या व शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूंच्या खाजगी निर्यातीस त्यानुसार बंदी असून पहिल्या महायुद्धाच्या काळातील मनगटी घड्याळे आता या वयोमर्यादेत आली आहेत.