ध्येय शोधताना रोहिणीचं पाणी आठवावं

वर्षावास सुरू होता. विंझर परिसरातल्या एका बौद्धवस्तीत आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला बसलो होतो. वेल्ह्याचा पाऊस, त्यात लाईट गेलेली. दिवसभर भातलावणी करून आलेल्या आयाबाया भिंतीला टेकून ऐकत होत्या. वाचन थांबल्यावर बी.कॉम. झालेल्या एका तरुणाने विचारलं, "ताई, स्वतःचं ध्येय शोधायचं म्हणजे नक्की करायचं काय?"

दोघेतिघे हसले. हा मुलगा रोज शिरवळच्या एका कंपनीत कामाला जातो आणि रात्री मोबाईलवर प्रेरणादायी व्हिडिओ बघतो. डोळे मिटा, स्वप्न ठरवा, झोकून द्या, असं त्यात सांगतात. त्याने दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा एमपीएससी.

आम्हाला हसू आलं नाही. हा प्रश्न आमच्याकडे येणारी निम्मी मुलं विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. आणि त्या दिवशी वाचलेलं प्रकरण नेमकं याच प्रश्नाचं होतं.

सिद्धार्थाने घर का सोडलं, याची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून त्याला वैराग्य आलं. बाबासाहेबांना ही गोष्ट पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलंच नसेल, हे बुद्धीला कसं पटावं? १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कारण मांडलं ते रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या पाण्यावर शेती करत. पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून मारामाऱ्या झाल्या आणि शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंचे दोन-दोन माणसं निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, असं सुचवलं. बहुमत त्याच्या विरोधात गेलं. मग सैन्यात भरती, देहदंड किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती, एवढेच मार्ग उरले. त्याने परिव्राजक होऊन देश सोडला.

आपल्याकडे व्याख्यानांत ही गोष्ट बहुधा इथेच संपते. आम्हाला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. सिद्धार्थ राजगृहाला असताना बातमी येते की शाक्य-कोलीयांत समेट झाला. ज्या कारणासाठी घर सोडलं ते कारणच संपलं. आता परत जायला हरकत नव्हती. तो गेला नाही. दोन राष्ट्रांमधलं युद्ध अधूनमधून होतं, पण वर्गावर्गातला संघर्ष कायम चालू असतो आणि दुःखाचं मूळ तिथे आहे, असा विचार त्याने केला आणि त्याचं उत्तर शोधायला पुढे निघाला. म्हणजे ध्येय त्याला आधीपासून गवसलेलं नव्हतं. गावच्या पाण्याच्या भांडणात त्याने भूमिका घेतली, तिची किंमत मोजली आणि मग प्रश्न मोठा होत गेला.

अष्टांगिक मार्गातला क्रमही हेच सांगतो. पहिली येते सम्मा दिट्ठी, सम्यक दृष्टी. सम्मा संकप्पो, म्हणजे आपल्या आशा-आकांक्षा उदात्त असणं, त्यानंतर. मोबाईलवरचे गुरुजी हा क्रम उलटा करतात. आजूबाजूला काय चाललंय ते न पाहताच संकल्प सोडायला लावतात. मग तो टिकत नाही आणि मुलं स्वतःला नालायक समजू लागतात. संकल्प टिकवण्यासाठी दहा पारमितांमध्ये वेगळी पारमिता आहे, अधिठ्ठान. ठरवणं वेगळं आणि धरून राहणं वेगळं, हे आपल्या धम्माला चांगलं ठाऊक आहे.

बाबासाहेबांचंच पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याला नोकरीला गेले. जातीमुळे राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं गेलं. कमाठी बागेतली ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून वंदन करतो. पण त्यानंतर त्यांनी लगेच सगळं सोडून दिलं नाही. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं, त्याच वर्षी अपुरं शिक्षण पुरं करायला लंडन गाठलं, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. महाडचं चवदार तळं १९२७ चं. केळदच्या मढे घाटाने खाली उतरलं की आम्हाला महाड तालुका लागतो. बडोद्याहून महाडला पोचायला मात्र बाबासाहेबांना दहा वर्षं लागली. नोकरी करणाऱ्या तरुणांनी हा हिशोब ध्यानात ठेवावा. पगार घेतो म्हणून आपण चळवळीतून बाद, असं काही नसतं. सम्मा आजीवो त्याच मार्गाचं अंग आहे.

आमचाही अनुभव सांगतो. एम.ए. झाल्यावर आम्ही एका संस्थेत दहावीनंतर घरी बसणाऱ्या मुलींसाठी काम करत होतो. निधी संपला, प्रकल्प बंद झाला. वर्षभर आम्हाला वाटत राहिलं की आपलं ध्येयच काढून घेतलं. मुली मात्र घरी बसतच होत्या. ते दिसायला आम्हाला, समाजशास्त्राची पदवी असूनही, वर्ष लागलं. आता पोटासाठी पुण्यात नोकरी आणि रविवारी इकडे.

म्हणून त्या तरुणाला आम्ही उलट विचारलं, "लोक तुझ्याकडे कशासाठी येतात?"

तो म्हणाला, "कशासाठी नाही. जातीच्या दाखल्याचं विचारायला येतात फक्त."

हे 'फक्त' आम्ही त्याला पुन्हा म्हणायला लावलं. आपल्या मुलांना दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. १९९० पासून केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, तरी कागद जुळवताना घाम फुटतो. आजोबांच्या नोंदीत 'महार', नातीच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना १४, म्हणजे जुन्या कोतवाल बुकातली जन्माची नोंद शोधायची. याने स्वतःसाठी हे सगळं केलंय. कोणत्या खिडकीवर काय मागायचं, मोडी लिपीतली नोंद कोणाकडून वाचून घ्यायची, त्याला माहीत आहे.

भिंतीला टेकलेल्या एका मावशी तेव्हा बोलल्या. त्यांची मुलगी बारावी झालीये, नर्सिंगला जायचंय, दाखला नाही. मुदत जवळ आलीये.

त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी तो मुलीच्या वडिलांना घेऊन वेल्ह्याला गेला. एक नोंदवही पाहून झाली, पणजोबांचं नाव काही सापडलं नाही. दुसरी बघायची राहिली आहे. ती येत्या गुरुवारी.